एझ्राकाकांना विचारा

मनातली अडचण समोरासमोर सांगणे किती जड जाते, हे आपण सारेच जाणतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने त्यावर १९८६ साली एक साधा उपाय केला. तेव्हा वर्ल्ड वाइड वेब नव्हते. पण विद्यापीठाच्या संगणकांवर माहितीसेवा होती. मानसोपचार विभागाचे जेरी फाइस्ट आणि संगणकतज्ज्ञ स्टीव्ह वरोना यांनी तीवर ‘अंकल एझ्रा’ सुरू केले. नाव घेतले संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांचे. विद्यार्थ्याने नाव न सांगता प्रश्न टंकलिखित करायचा. उत्तर सर्वांना वाचता येई. त्यामुळे एकाच्या प्रश्नातून, न विचारणाऱ्या इतरांनाही ‘असे होणारा मी एकटा नाही’ एवढे तरी कळू शके.

मात्र याच सोयीत एक उणीवही आहे. विचारणारा गंभीर संकटात असेल, तर निनावी माणसापर्यंत धावून कसे जाणार? म्हणून अशा सेवेला बोलत्या माणसाची जोड हवीच. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक आपण वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवू या, आणि मुलांसाठी स्वतःचे दारही उघडे ठेवू या.