खाणीतला कॉम्प्युटर आणि गोऱ्यांचे आरक्षण

कॉम्प्युटरला जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्या पोरांना कॉलेजात नेहमी ऐकवले जाते. तेव्हा खाणीतल्या कॉम्प्युटरचा इतिहास एकदा तपासूच.

जमिनीखाली खनिज कुठे आणि किती, हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज 'क्रिगिंग' ही पद्धत हमखास असते. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत आहे. बोगद्यात ठराविक अंतरावर खडकाचे तुकडे छिन्नीने काढायचे, त्यात सोने किती ते तपासायचे आणि त्यावरून न खोदलेल्या भागाचा अंदाज बांधायचा, अशी तिथली रीत होती. हे अंदाज फसत. नमुन्यांत भरघोस सोने दिसलेला भाग प्रत्यक्षात कमी निघे, गरीब दिसलेला भाग थोडा बरा निघे. डॅनी क्रिग या गोऱ्या खाण इंजिनिअरने 1951 साली संख्याशास्त्राने हा गोंधळ सोडवला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरों यांनी त्याला पक्के गणित दिले, पद्धतीला क्रिग यांचे नाव दिले. आकडेमोड अफाट, म्हणून ती कॉम्प्युटरवर गेली.

क्रिग हुशार होते, यात वाद नाही. पण त्या हुशारीपर्यंत पोहोचायची वाट कुणाला मोकळी होती?

1926 च्या कायद्याने खाणीतील कौशल्याच्या कामांची प्रमाणपत्रे काळ्यांना आणि आशियाई लोकांना, म्हणजे तिथल्या भारतीयांनाही, नाकारली. सुरुंग लावायचा परवाना गोऱ्याचा, भोके पाडणारे आणि दगड उपसणारे हात काळे. हे गोऱ्यांचे आरक्षणच होते! त्याच्या जोरावर वर चढलेल्यांना कुणी 'कोट्यातले' म्हटले नाही.

बाबासाहेबांनी 1936 च्या, करू न दिलेल्या भाषणात दाखवले होते की जात कामाची नव्हे, कामगारांचीच वाटणी करते, तीही उतरंडीने. रँडवर तेच रंगाने घडले. ऑगस्ट 1946 मध्ये हजारो काळे खाणकामगार दिवसाला दहा शिलिंग मागत संपावर गेले, तर पोलिसांनी संप चिरडला, कामगार मारले गेले. 1969 मध्ये, म्हणजे खाणींचे हिशेब कॉम्प्युटरवर जात असताना, काळ्या कामगाराची खरी मजुरी 1911 पेक्षा जास्त नव्हती.

प्रमाणपत्रांवरची ती रंगाची अट कायद्यातून 1987 साली निघाली. तोवर क्रिगिंग जगभरच्या खाणींत पोहोचले होते.