बेक्ड ओटमील
ओव्हनमध्ये भाजून गरम वाढली जाणारी ओट्सची न्याहारी. अमेरिकेत तिचे नाव पेनसिल्व्हेनियातील आमिश व मेनोनाइट समाजांशी जोडले जाते. चपटे ओट्स, दूध, अंडे, लोणी, ब्राउन शुगर, दालचिनी, बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात सफरचंदाच्या फोडी किंवा ब्लूबेरी घालतात आणि मिश्रण सुमारे १८०° से. तापमानाला ३५ ते ४० मिनिटे भाजतात. अंडे आळल्यामुळे वड्या कापता येतात. ओट्समधील बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवते, म्हणून आतला भाग मऊ राहतो. खरी मेख ओट्सच्या निवडीत आहे. झटपट शिजणाऱ्या बारीक ओट्सचा लगदा होतो, तर नुसते तुकडे केलेले दाणे एवढ्या वेळात शिजत नाहीत. वाढताना वरून दूध घालण्याची पद्धत आहे.