करकरणारा खुबा आणि प्रथिनांचे वंगण

1950 च्या दशकात मँचेस्टरचे अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि हालचाल झाली की तो करकरायचा. त्या आवाजाने बायको त्याच्याजवळ बसणेही टाळू लागली होती.

ती करकर चार्नलींच्या डोक्यातून गेली नाही. निसर्गाने दिलेला सांधा जन्मभर बिनआवाज चालतो, मग हा का ओरडतो? सांध्यातला द्रव कूर्चेला वंगण देतो, पण प्लास्टिकला किंवा धातूला त्याचा उपयोग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे खुब्याची वाटी मुळातच निसरड्या पदार्थाची हवी. त्यांनी टेफ्लॉन निवडले आणि सुमारे 300 रुग्णांना ते बसवले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्यांच्या चुऱ्याने आजूबाजूचे मांस सुजले. या माणसाने मग टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. आपल्या चुकीची अशी परीक्षा घेणारे वैद्य विरळाच.

1962 मध्ये यंत्रमागांची दातेरी चाके विकणारा एक जण पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन रुग्णालयात आला. चार्नलींनी त्यावर नख ओढून पाहिले आणि तो बाजूला सारला. ते परदेशी गेले असताना त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तोच तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नव्हते. त्याच नोव्हेंबरात ते रुग्णांच्या खुब्यात बसले.

झीज आणखी कमी व्हावी म्हणून पुढे हिऱ्यासारख्या कठीण कार्बनच्या पातळ थराकडे लक्ष गेले. असा थर 1971 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता. 1993 ते 1995 दरम्यान जर्मनीत सुमारे शंभर रुग्णांना या थराचे धातूचे गोळे बसवले गेले. साडेआठ वर्षांत त्यांतले जवळजवळ निम्मे निकामी झाले. धातूवरून थर सुटला आणि खरबरीत गोळ्याने प्लास्टिकची वाटी खाल्ली. प्रयोगशाळेत कौतुकास्पद ठरलेला थर शरीराच्या खारट, प्रथिनयुक्त द्रवात टिकला नाही.

चार्नलींच्या निष्कर्षाला खरे उत्तर 2011 मध्ये मिळाले. धातूवर धातू घासणारे, शरीरातून काढलेले खुबे अमेरिकी आणि जर्मन संशोधकांनी तपासले. त्यांच्यावरचा काळपट थर ग्रॅफाइटसदृश कार्बनचा निघाला. सांध्यातली प्रथिने धातूला चिकटून, घासली जाऊन हा थर बनतो, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ज्या द्रवाला निरुपयोगी मानले, तोच धातूवर स्वतःचे घनवंगण घडवत असावा.

आज कृत्रिम खुब्याची प्रमाणित चाचणी साध्या पाण्यात होत नाही. ती वासराच्या पातळ केलेल्या, प्रथिनयुक्त रक्तरसात (सीरममध्ये), 37 अंश सेल्सिअसवर चालते. सेकंदाला एक याप्रमाणे 50 लाख फेरे पूर्ण व्हायला जवळपास दोन महिने लागतात.