पिशवीच्या तोंडाचा आजार आणि बार्शीची नोंदणी

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हा नोंदवावेत असे रुग्णच दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्यामुळे नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरू लागले, आणि रुग्ण शोधता शोधता त्यांना रोगाची लक्षणेही समजावून सांगावी लागली. अंगावरून पांढरे जाणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे या गोष्टी बायका एकमेकींनाही आडून सांगत, मग परक्या माणसाला सांगणे दूरच. पुढे या भागातील गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बोलीत पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाचे रुग्ण अधिक लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे संशोधक कस्तुरी जयंत व भगवान नेने यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर गावांत चाचणी अशी झालेली नव्हती. हा बदल केवळ बोलण्याने घडला होता.

तपासणीची गोष्ट याहून अवघड होती, कारण तिथे लक्षण नसलेल्या बाईला बोलावायचे असते. हा रोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून बहुधा दहा-पंधरा वर्षांत वाढतो, आणि त्या काळात पेशींतील बदल वेळीच सापडले तर कर्करोग टाळता येतो. परंतु काही दुखत नसताना दवाखान्यात जाणे शेतमजूर बाईच्या दृष्टीने रोजगार बुडवणे होते. आरोग्यसाक्षरता म्हणजे अक्षरओळखीपलीकडची ही समज, की निरोगी वाटणारे शरीरही तपासण्याजोगे असते.

१९९९ च्या ऑक्टोबरात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले गेले: एकात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी (पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग डोळ्यांनी पाहणे, तर चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. या चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही यावरून पुढे तीव्र नैतिक वाद झाला, आणि तो निरर्थक म्हणता येत नाही: २००९ च्या निष्कर्षांत विषाणू चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाचे ३४ मृत्यू नोंदले गेले, चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. एकवेळच्या पॅप वा आम्ल तपासणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

सहभागाचा हिशेब या निकालाइतकाच बोलका आहे. बोलावलेल्या १,००,८०० स्त्रियांपैकी ७९,४४९ जणी आल्या, म्हणजे सुमारे ७९ टक्के, आणि आलेल्या बायका तुलनेने तरुण, अधिक शिकलेल्या व कुटुंबनियोजनाची साधने कधी तरी वापरलेल्या होत्या. ज्यांनी एकदा दवाखान्याची पायरी चढली होती त्यांना दुसऱ्यांदा ती चढणे सोपे गेले, असा याचा अर्थ लावता येतो. उलट वाढते वय धोका वाढवते, आणि वयाने मोठ्या बायकाच कमी आल्या. अभ्यासात पाच बायकांतील चार येतात, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत ही तपासणी कधी तरी झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के होते; घरी जाऊन बोलावणारे माणूस असण्या-नसण्याचे हे अंतर आहे.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, सौंसर तालुक्यातील लोधीखेडा परिसरात, या अंतरात भाषेचीही भर पडते. हा तालुका ज्यात येतो तो २०२३ मध्ये नवा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशात असल्याने शासकीय सूचना हिंदीत येतात, तिथे गर्भाशयमुखाला ‘बच्चेदानी का मुँह’ किंवा ‘गर्भाशय ग्रीवा’ म्हणतात, तर घरात मराठी बोलणाऱ्या बाईला आपली ‘पिशवी’ माहीत असते.