सरासरी साखर : एका आकड्याचा इतिहास

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या मराठी घरांतून कुंद्याचा डबा उघडण्यापूर्वी आता रक्ततपासणीचा कागद आठवतो. त्या कागदावर ‘एचबीए१सी’च्या टक्केवारीखाली पुष्कळदा ‘अंदाजित सरासरी साखर’ असा आणखी एक आकडा छापलेला असतो. घरच्या यंत्रावरील आकड्याशी तो जुळत नाही म्हणून वडीलधारी मंडळी प्रयोगशाळेला बोल लावतात. वास्तविक तो जुळावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदलेले आहे. विसाव्या शतकात मुंग्यांची जागा बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने घेतली. मूत्राचे आठ थेंब घालून ते तापवायचे आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग पाहून साखरेचा अदमास घ्यायचा. परंतु रक्तातील साखर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून मूत्रात उतरतच नाही. त्याखालचा सारा प्रदेश या परीक्षेला अदृश्य होता.

१९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा महिन्यामहिन्यांची साखर सांगणारी परीक्षा जगातच कोठे वापरात नव्हती. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा अंश वाढलेला आढळला. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ रक्तातील साखर त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. वाण्याच्या खातेवहीसारखीच ही नोंद, मात्र अलीकडच्या महिन्याचा भार तिच्यात सुमारे निम्मा. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या केनिग, सेरामी आदी संशोधकांनी या अंशाचा साखरेच्या नियंत्रणाशी असलेला संबंध दाखविला.

तरी टक्केवारी सामान्य माणसाला परकीच राहिली. २००८ मध्ये ५०७ जणांच्या साखरेची वारंवार मोजणी करून एक सूत्र प्रसिद्ध झाले : टक्केवारीला २८.७ ने गुणावे आणि ४६.७ वजा करावेत. ७ टक्के म्हणजे सुमारे १५४, ८ म्हणजे १८३. सकाळी उपाशीपोटी १२० दाखविणारे यंत्र आणि १५४ सांगणारा कागद, दोघेही खरेच बोलत असतात. जेवणानंतरचे आणि रात्रीचे चढउतार कागदात मिळालेले असतात, यंत्राने ते पाहिलेलेच नसतात.

या सूत्रामागील मंडळींत आशियाई वंशाचे लोक मात्र थोडे होते. शिवाय सरासरी दरी झाकते : ६० आणि २५० यांची सरासरीही १५५ च येते, आणि ६० वर घेरी येऊन पडणाऱ्या वृद्धाला तिचा काय उपयोग? त्याहून मोठी अडचण पंडुरोगाची. लोह कमी असले की एचबीए१सी उगाच वाढलेले दिसू शकते. रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटल्या की फसवे कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बाईचा कागद वाचताना म्हणूनच सरासरीच्या आधी तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा पाहावा लागतो, आणि तो कमी असेल तर बोटाच्या थेंबावरची रोजची साखरच अधिक विश्वासाची.