'मॉर्मन' हे नाव

'मॉर्मन' हे मुळात पंथाचे नाव नव्हे. १८३० सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावी जोसेफ स्मिथ याने 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला. आपल्या लयास चाललेल्या लोकांचा इतिहास सुवर्णपत्रांवर संक्षेपाने कोरून ठेवणारा जो संदेष्टा त्यात वर्णिला आहे, तो मॉर्मन. त्यालाही हे नाव, ग्रंथाच्याच म्हणण्याप्रमाणे, एका भूप्रदेशावरून मिळाले होते. त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी स्थापन झालेल्या धर्मसभेने स्वतःस 'ख्रिस्तसभा' म्हणविले. परंतु विरोधकांनी ग्रंथावरून तिच्या अनुयायांना 'मॉर्मनाइट' व पुढे 'मॉर्मन' म्हणून हिणविले.

१८४३ साली स्मिथच्या नावाने छापलेल्या एका पत्रात मिसरी 'मॉन' म्हणजे चांगले, त्यास इंग्रजी 'मोअर' जोडून 'अधिक चांगले', असा अर्थ सांगितला गेला. मिसरी व इंग्रजी यांची ही सोयरीक भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. पण हिणवणीचे भूषण करण्याची धडपड तीत स्पष्ट दिसते.

पुढे हे नाव अनुयायांनीही आपलेसे केले. २०१८ साली मात्र धर्मसभेचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टाकून येशू ख्रिस्ताचे नाव असलेले पूर्ण अधिकृत नावच वापरावे, असा आग्रह धरला. सॉल्ट लेक सिटीतील विख्यात गायकवृंदाच्या नावातूनही त्याच वर्षी 'मॉर्मन' गळाले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते कायम आहे.