इंजिन चालू असतानाच उतरायचं

आज जरा वेगळा इतिहास आहे, विमानतळ सोडून भलतीकडेच विमान उतरवण्याचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात कसला आलाय इतिहास? ऐका तर खरं.

आधी एक फरक समजून घ्या. इंजिन बंद पडलं आणि खाली यावंच लागलं, तर ते फोर्स्ड लँडिंग. इंजिन चालू आहे, पण ढग खाली आलेत, वाट चुकलीये किंवा इंधन कमी पडेल असं वाटतंय, म्हणून पायलट स्वतःहून उतरतो, ते प्रिकॉशनरी लँडिंग. सगळा खेळ या ‘स्वतःहून’ शब्दाचा आहे.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा एका इंजिनच्या पस मॉथमधून कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले. विमानात रेडिओ नव्हता. जुहूचं ‘विमानतळ’ म्हणजे चिखलाचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली! मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा, येरवडा जेलजवळच्या मैदानावर. खुद्द टपालसेवाच मैदानावर उतरायची तिथे शेतात उतरण्याची लाज कुणाला वाटणार? माझ्या मते ही लाज नंतर आली, पक्क्या धावपट्ट्यांबरोबर.

आपल्या वऱ्हाडात अकोल्याची शिवणीची धावपट्टी 1943 ची. अमरावतीच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमान सुरू झालं थेट 16 एप्रिल 2025 ला. आणि तिथेच एअर इंडियानं वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायचं 2024 मध्ये जाहीर केलं. म्हणजे विशीतली पोरं-पोरी याच आभाळात एकेकटी उडणार. म्हणून हा विषय.

आता राजेहो, वरून बघा. तीन हजार फुटांवर इंजिन गेलं, तर छोटं सेस्ना साधारण आठ किलोमीटर तरंगत जातं, बस्स. इंजिन चालू असेल तर मात्र वेळ मिळतो. जागेवरून खालून एक फेरी मारायची, तारा, बांध, नाला, गुरं बघायची. कुठे धूर दिसला तर वारा कळतो. मग वाऱ्याच्या तोंडावर, जमलं तर तासांच्या दिशेनं उतरायचं.

पण जमीन कोणती? पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की विमान नाकावर उलटलंच समजा. डिसेंबरात तूर माणसाहून उंच. उन्हाळ्यात नांगरटीची ढेकळं. हिवाळ्यातला हरभरा बरा, पण त्याहून बरी मुरमाड बरड जमीन, गावाची ई-क्लास. अमरावती-अकोला हायवे? जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केलं, गुळगुळीत आहे. पण ट्रक, खांब, तारा, त्यांचं काय?

25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत बारामतीची एक शिकाऊ वैमानिक एकटी असताना सेस्नासकट शेतात आली. विमान मोडलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. गावकरी धावले.

अशा वेळी पायलटला अडवते ती बहुतेकदा जमीन नाही, डोक्यातली चौकशी असते. ‘लोक काय म्हणतील? दहा मिनिटांत तर पोचतोय.’ त्या दहा मिनिटांत ढग अजून खाली येतात, काटा अजून खाली जातो, आणि निवड करायची वेळ निघून जाते.

तुमच्या गावच्या ई-क्लासवर कधी विमान उतरल्याचं आजोबा सांगतात का? विचारा त्यांना आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा.